पाणी चढतंय, जमिनीत पुरलेल्याचं काय? कोकण किनाऱ्यावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डहाणूपासून रेडीपर्यंतच्या वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रांची सुरुवात 'समुद्र आमचं गाव गिळेल का?' अशी असते. पण त्याच्या बरंच आधी पाणी जमिनीखालून वर येतं, आणि तिथे कुणी काही पुरलं किंवा सांडलं असेल तर ते हलू लागतं. हे पान त्याविषयी आहे. उत्तरं स्वतंत्रपणे वाचता येतील. जिथे विषय दुसऱ्या प्रश्नात सविस्तर आला आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. समुद्र वर्षाला तीन-चार मिलिमीटर चढतो म्हणतात. एवढ्याशाने काय बिघडणार?

आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदल समिती) सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. २००६ ते २०१८ मधला वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. आपल्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा आढावा उत्तर हिंदी महासागरासाठी १९९३ ते २०१७ चा वेग ३.३ मिलिमीटर सांगतो. १८७४ ते २००४ या लांब काळात तो १.०६ ते १.७५ होता. वेग दुपटीच्या घरात गेला आहे.

पंचवीस वर्षांत हे आठेक सेंटिमीटर होतात, वीतभरही नाही. पण खाजण (खाडीकाठची भरतीच्या पट्ट्यातली) जमीन ताटासारखी सपाट असते, तिथे थोडी उंची म्हणजे आत बरंच अंतर. शिवाय ही वाढ एकटी येत नाही. ती पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणावर, आषाढ-श्रावणातल्या पुरावर आणि वादळाच्या लाटेवर बसून येते. आजोबांनी बांध घातला तेव्हा त्याच्या उंचीच्या हिशेबात हे आठ सेंटिमीटर धरलेले नव्हते.

२. आमच्या गावात कारखाना नाही. मग आमची जमीन दूषित कशी असेल?

कारखान्याशिवायही जमीन दूषित होते. पेट्रोल पंपाची जुनी भूमिगत टाकी, होड्या दुरुस्तीची जागा (जुने रंग, ऑइल, तळाला लावायचं शेवाळरोधक), गॅरेजमागचा काळा पट्टा, गावाच्या वेशीवर खाडीकाठी ओतलेला कचरा, काजू टरफलाच्या तेलाचे खड्डे, आंबा बागेत वर्षानुवर्षं ताम्रयुक्त बुरशीनाशक मारलेली माती आणि औषधांच्या डब्यांची शेड, हे सगळं यात येतं. मोठी ठिकाणं अर्थातच एमआयडीसीच्या आसपास आहेत: तारापूर, तळोजा, रसायनी-पाताळगंगा, रोहा-धाटाव, महाड, लोटे-परशुराम. यादीत नाव असलं म्हणून प्रत्येक भूखंड विषारी नसतो, आणि नाव नसलं म्हणून जागा स्वच्छही ठरत नाही.

३. समुद्राचं पाणी बांधाच्या पलीकडेच आहे. ते आत आल्याशिवाय पुरलेल्या कचऱ्याला काय होतं?

हाच प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, म्हणून इथे जरा थांबू.

किनाऱ्याजवळचं भूजल समुद्राच्या पातळीला टेकून असतं. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. एकसारख्या सच्छिद्र जमिनीत समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी उभं असेल, तर पातळीखाली साधारण चाळीस मीटर गोड्याचा साठा असतो. जांभा आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत हे गणित तंतोतंत लागत नाही, पण दिशा तीच. समुद्र चढला की हा सगळा साठा खालून वर उचलला जातो. बांध कितीही मजबूत असला तरी तो जमिनीवरचं पाणी अडवतो, खालचं नाही.

आता चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी 'कोरड्या' मातीत खड्डा खणून त्यात पिंपं, गाळ, राख टाकली असेल असं धरा. अस्तर नाही, वर दोन हात माती. तेव्हा खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या पाणीपातळीच्या वर होता. पातळी चढत गेली की आधी भर पावसात काही दिवस तळ भिजतो, मग काही आठवडे, आणि पुढे तो कायम पाण्यात राहतो. वरून पाऊस झिरपत होताच, आता खालूनही पाणी लागलं. भरती-ओहोटीच्या जवळ असेल तर पाणी रोज दोनदा वर-खाली होऊन खड्डा खंगाळत राहतं.

डिझेल-पेट्रोलचं वागणं वेगळं. ते पाण्यावर तरंगतं आणि पातळी हलेल तसं मातीचा जाड थर माखत जातं. काही द्रावकं (तेल-ग्रीस विरघळवणारी रसायनं) उलट पाण्याहून जड असतात. ती भेगांतून खाली बसतात आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी सुटत राहतात.

४. एक जण म्हणतो खाऱ्या पाण्याने धातू विरघळतात, दुसरा म्हणतो चिखलात बसून जातात. खरं काय?

दोघंही खरं सांगतात, फक्त वेगवेगळ्या धातूंबद्दल आणि वेगवेगळ्या वेळेबद्दल.

खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड कॅडमियमला धरतं आणि मातीपासून सोडवून पाण्यात आणतं. माती पाण्याखाली कोंडली की प्राणवायू संपतो. मग लोहाच्या तांबूस थरांना चिकटलेलं आर्सेनिक सुटं होऊ शकतं. त्याच कोंडलेल्या चिखलात षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) मात्र कमी विषारी, कमी हलणाऱ्या रूपात जातं. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटचं सल्फाइड होतं आणि ते शिसं, जस्त, तांबं यांना घट्ट बांधून ठेवतं. ओहोटीला काळ्या चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो याच सल्फाइडचा.

हा चिखल उपसून उन्हात टाकला की सल्फाइडचं आम्ल होतं आणि बांधलेले धातू सुटतात. म्हणून 'एकदा बुडलं की सुरक्षित' आणि 'एकदा सुकलं की सुरक्षित' ही दोन्ही वाक्यं चुकीची. खरा धोका पाण्याच्या आलटापालटीत असतो, आणि चढत्या समुद्राबरोबर ती वाढते.

५. लोट्याची औद्योगिक वसाहत माळावर उंच आहे. तिथे समुद्राचा काय संबंध?

भूखंडावर काही नाही. तिथला प्रश्न जांभ्यातून झिरपून खालच्या झऱ्यांना लागणाऱ्या पाण्याचा, आणि तो समुद्र चढला नसता तरी असता. पण वसाहतीचं सांडपाणी खाली करंबवणे इथे दाभोळच्या खाडीत सोडलं जातं, आणि तिथे भरतीचं राज्य आहे. भरतीत सुटलेलं पाणी बाहेर न जाता वर ढकललं जातं. म्हणून खाडीत सांडपाणी ओहोटीला सोडण्याची पद्धत ठरवलेली असते. समुद्रपातळी वाढल्यावर वेळांचा हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. जुन्या तक्त्यावर पुढची तीस वर्षं काढता येणार नाहीत.

६. २२ जुलै २०२१ च्या पुरातला गाळ आमच्या परसात अजून आहे. त्यात भाजी लावली तर चालेल का?

चिपळूण आणि महाड ही दोन्ही जुनी बंदरं, खाडी जिथे संपते तिथे वसलेली. सावित्री किंवा वाशिष्ठीचा पूर उधाणाला भेटला की पाण्याला उतरायला जागा राहत नाही आणि वाहून आलेलं सगळं शहरातच बसतं. त्यात डोंगराची माती सर्वाधिक, पण गॅरेज, दुकानं, पंप, शौचालयांच्या टाक्या यांचंही काही ना काही असतंच.

एवढी वर्षं पावसाने धुतलेल्या गाळातले जंतू आता चिंतेचा विषय नाहीत. लेप्टो, जुलाब हे पुरानंतरच्या पहिल्या आठवड्यांतले धोके. धातू आणि जड तेलं मात्र पावसाने जात नाहीत. गाळाला तेलकट चकाकी किंवा औषधी वास असेल, त्यात गवतसुद्धा नीट रुजत नसेल, किंवा जवळ रसायनाची गोदामं असतील, तर तपासणी होईपर्यंत पालेभाजी आणि कंदभाजी टाळा. नारळ-सुपारीला हरकत नाही. लहान मुलं त्या मातीत खेळत असतील तर वर चांगल्या मातीचा थर द्या.

पुरानंतर वाहून आलेलं सीलबंद पिंप कुणी उघडू नये, 'रिकामं आहे' म्हणून पाणी साठवायला तर अजिबात नेऊ नये. पोलीस पाटलांना कळवा.

७. नदी-खाडीतून काढलेला गाळ फुकट मिळतोय. भरावाला घेऊ का?

गाळ कुठून काढला हे आधी विचारा. भरतीच्या टप्प्याच्या वरचा, वाळू-गोटे मिसळलेला गाळ बहुधा ठीक असतो. भरतीच्या पट्ट्यातला काळा, वासाचा चिखल घेऊ नका. कारण प्रश्न ४ मध्ये आहे. सांडपाण्याच्या तोंडाशी काढलेला गाळ तपासणीशिवाय कुणाच्याच वाडीत जाऊ नये, मग देणारा कितीही मोठा असो.

८. विहीर मचूळ झाली. समुद्राने की कारखान्याने?

चव खारट असली म्हणजे समुद्रच असं नाही. रासायनिक सांडपाणीसुद्धा खारट असतं. एक साधी खूण अशी: समुद्राच्या पाण्यात सल्फेट आणि क्लोराइड यांचं वजनाने प्रमाण साधारण १ ला ७ असतं. अहवालात दोन्ही वाढलेत आणि प्रमाण त्याच्या आसपास आहे, तर समुद्राचा संशय घ्या. सल्फेट त्या मानाने फारच जास्त असेल, किंवा नायट्रेट, अमोनिया, एखादा जड धातू सोबत वाढला असेल, तर दुसरं काहीतरी मिसळलंय. सल्फेट कमी असल्यास मात्र निष्कर्ष काढू नका. कोंडलेल्या चिखलात ते नाहीसं होतं.

वेळेचीही मदत घ्या. समुद्राचा मचूळपणा वैशाखात, पंप जास्त चालल्यावर वाढतो आणि श्रावणात उतरतो. पुरलेल्या कचऱ्याचा त्रास अनेकदा उलट, पावसाळ्यात पाणी चढलं की वाढतो. शेजारच्या तीन-चार विहिरींचे आकडे एकत्र ठेवले तर चित्र पटकन दिसतं. एकट्या विहिरीवर भांडण उभं राहत नाही.

९. पाणी कुठे तपासायचं आणि काय काय तपासायचं?

ग्रामपंचायतीकडच्या तपासणी किटने क्लोराइड, नायट्रेट, लोह, कठीणपणा असे मोजके घटक कळतात. धातू आणि द्रावकं कळत नाहीत. टीडीएसचा पेनासारखा मीटर फक्त एकूण क्षार सांगतो, विष सांगत नाही. धातूंसाठी जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत किंवा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळेत जा आणि घटकांची नावं लिहून द्या: शिसं, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक, पारा. नुसतं 'पाणी तपासा' म्हटलं तर नेहमीचेच घटक तपासून मिळतील.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) शिसं आणि आर्सेनिक ०.०१, कॅडमियम ०.००३, एकूण क्रोमियम ०.०५ आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादा आहेत. क्लोराइड २५० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. नमुना वर्षातून दोनदा घ्या, मेअखेर आणि गणपतीच्या सुमारास. खाडीकाठी राहत असाल तर एक उधाणाच्या दिवशी आणि एक भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवशी. डिझेलचा वास असेल तर बाटली काचेची हवी.

१०. पाणी उकळून किंवा ब्लीचिंग टाकून चालेल ना?

जंतूंसाठी चालेल. धातू आणि क्षार उकळल्याने जात नाहीत, पाणी आटतं तसे उलट दाटतात. तुरटी गढूळपणा बसवते, एवढंच. आरओ बहुतेक धातू आणि खारटपणा काढतो, पण काही हलकी द्रावकं त्यातूनही निसटतात. आणि मशीनने टाकून दिलेलं पाणी मूळ पाण्याहून जास्त दूषित असतं, ते परत विहिरीजवळ सोडू नका.

११. बांधाला खांड पडून खारं पाणी शेतात आलं. पुढे भात होईल का, आणि खावा का?

नुसत्या खाऱ्या पाण्याचं नुकसान भरून येतं. खांड बुजवायची, उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) दुरुस्त करायची, पावसाचं गोडं पाणी एक-दोन हंगाम कोंडून सोडायचं आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या 'पनवेल' मालिकेतल्या क्षार सोसणाऱ्या जाती लावायच्या. खारेपाटातल्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. बांधांसाठी महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम १९७९ आहे आणि योजनेतल्या बांधांची देखभाल शासनाची जबाबदारी आहे.

आत आलेलं पाणी कुठल्या खाडीचं, हा वेगळा मुद्दा. सांडपाण्याची खाडी असेल तर गाळाचा वरचा थर तपासून घ्या. भाताची एक अडचण आहे: शेतात पाणी उभं ठेवलं तर दाण्यात आर्सेनिक जाण्याचा धोका वाढतो, आणि निसवण्याच्या वेळी शेत कोरडं पडलं तर कॅडमियमचा. त्यामुळे 'पाणी ठेवा' किंवा 'काढा' हा सल्ला मातीचा अहवाल बघूनच द्यावा. अहवाल स्वच्छ असेल तर खुशाल खा.

१२. कालवं, मुळे, खेकडे?

कालवं आणि शिंपल्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातलं त्यांच्या अंगात साठतं. सांडपाण्याच्या तोंडाजवळची आणि बंदराच्या धक्क्यावरची कालवं खाऊ नका. शिजवल्याने धातू जात नाहीत. मासे फिरतात, त्यांचा धोका त्या मानाने कमी. पण मेलेले मासे तरंगताना दिसले तर ते बाजारात नेऊ नका, त्याच दिवशी फोटो आणि वेळ नोंदवा (प्रश्न १६).

१३. संडासाची टाकी यात येते का?

येते, आणि संख्येने तिचाच नंबर पहिला. शोषखड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातलं भूजल यांत दीड-दोन मीटर कोरडी माती हवी. किनाऱ्यालगत अनेक घरांत ती आताच उरलेली नाही. विहिरीपासून १५ मीटरचं अंतर सर्रास सांगितलं जातं, पण जांभ्याच्या पोकळ्यांतून पाणी धावत जातं, तिथे ते पुरत नाही.

१४. खाडीकाठी जागा घेतोय. सातबारा स्वच्छ आहे. आणखी काय बघू?

सातबारा मालकी सांगतो, मातीत काय आहे ते सांगत नाही. गावातल्या जुन्या माणसांना विचारा की इथे पूर्वी काय होतं: खाजण, मिठागर, कचऱ्याची जागा की कुणी ट्रकने आणून टाकलेला भराव? जुन्या उपग्रह प्रतिमा बघा. हातभर खड्डा काढून माती हुंगा. वाक्य विचित्र वाटेल, पण पुष्कळ भराव इथेच पकडले जातात.

भराव घालून जागा उंच करण्याचा सल्ला विकणारा देईलच. त्याने घर उंच होतं, पण खालची दूषित माती भूजलातच राहते आणि शेजाऱ्याकडे पाणी वळतं.

सीआरझेड म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत भरतीचा प्रभाव असलेल्या खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते नियंत्रणात येतं. समुद्राची संभाव्य चढ धरून आखलेली धोका रेषा त्याच अधिसूचनेने नियमनातून वेगळी केली. ती आपत्ती नियोजनासाठी आहे. थोडक्यात, परवानगी मिळाली म्हणून जागा पाण्यापासून सुरक्षित आहे असा अर्थ होत नाही. आमच्या मते अधिसूचनेतली ही सर्वांत दुर्लक्षित ओळ आहे.

१५. तिवरं लावली तर विष शोषून घेतील का?

तिवरांची मुळं गाळ धरतात, आणि त्या गाळात धातू बांधलेले राहतात (प्रश्न ४). म्हणून उभं खारफुटीचं रान तोडणं म्हणजे साठवलेलं मोकळं करणं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर खारफुटी तोडायला मनाई केली, ते या कारणासाठीही बरं झालं. पण पुरलेल्या पिंपांवर तिवरं हा इलाज नाही.

१६. तक्रार कुठे करायची? नवीन नियम आले म्हणतात.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली स्वतंत्र नियम काढले. त्यानुसार जिल्हा प्रशासनाने संशयित जागांचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा आहे. प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करायची आहे. तेव्हा अर्ज जिल्हाधिकारी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ दोघांना एकाच दिवशी द्या. मंडळाची उपप्रादेशिक कार्यालयं महाड आणि चिपळूणलाही आहेत. अर्जात गट क्रमांक, पाण्याचे अहवाल, भरतीची वेळ आणि फोटो द्या. 'वास येतो' एवढ्यावर फाइल हलत नाही. पोचपावती घ्या, सहा महिन्यांनी माहिती अधिकारात अहवाल मागा.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्याला आहे. पर्यावरणाच्या वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिने, भरपाईसाठी पाच वर्षं अशी मुदत आहे. पहिली मुदत लोक हमखास घालवतात.

१७. कचरा डेपो, खाण, समुद्रातून आलेलं तेल, अणुभट्टी: हे सगळं २०२५ च्या दूषित स्थळांच्या नियमांत (प्रश्न १६) येतं का?

मुळात नाही. किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातली तेलगळती आणि घनकचरा डेपो यांना वेगळे कायदे असल्याने हे नियम त्यांना बाजूला ठेवतात. म्हणून रेडीच्या खाणीचे खड्डे किंवा ठाणे खाडीच्या काठी १९२७ पासून चालत आलेलं देवनार यांच्यासाठी दरवाजा दुसरा. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' जहाजाची टक्कर झाली आणि तेल रायगडच्या खारफुटीपर्यंत गेलं, तसा प्रकारही यात बसत नाही.

मात्र डेपोत कचऱ्याबरोबर रासायनिक पिंपं टाकली असतील आणि त्या रसायनाचं प्रमाण मर्यादेबाहेर असेल, तर या नियमांखाली दाद मागता येते. खाडीकाठच्या नगरपालिकांच्या जुन्या डेपोंबाबत हा मुद्दा आवर्जून लावून धरा.

१८. जमीन माझी, पण विष पुरलं दुसऱ्याने. कारखाना बंद, मालक परागंदा. साफ करायचा खर्च माझ्यावर येईल का?

तत्त्व 'जो दूषित करेल तो भरेल' हेच आहे, सातबारावर नाव असणं म्हणजे दोषी असणं नव्हे. जबाबदार माणूस सापडला नाही किंवा त्याच्याकडे पैसाच नसला तर खर्च केंद्र आणि राज्याने उचलायची तरतूद २०२५ च्या नियमांत आहे. पण भाड्याने दिलेल्या जागेत भाडेकरूने पिंपं पुरली आणि तुम्हाला ते माहीत होतं, असं कागदावर आलं तर तुमची बाजू लंगडी पडते.

जागा वडिलोपार्जित असेल तर भाडेपट्टी, जुन्या पावत्या, ग्रामपंचायतीच्या कर नोंदी, कारखान्याचं परवानापत्र, जे हाती लागेल ते जपून ठेवा. स्वतः खणायला जाऊ नका. पिंप फुटलं तर दूषित करणारे तुम्हीच ठरू शकता, आणि पावसाळ्याच्या तोंडावर उघडलेला खड्डा शेजाऱ्याच्या विहिरीत उतरायला एक उधाण पुरतं. आधी अर्ज (प्रश्न १६), मग मंडळाच्या माणसांसमोर पंचनामा, आणि खणायचंच झालं तर ते माघ-फाल्गुनात, पाणीपातळी खाली असताना.